हिऱ्याच्या फोटोखालचा 'कै.'

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. अख्ख्या छापखान्यात त्या वेलांटीबाई. दैनिकाचं प्रत्येक पान छपाईला जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. अठ्ठावीस वर्षांत एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला असेल तर शपथ! संपादकसुद्धा त्यांना टरकून असत.

दैनिकाचे मालक म्हणजे मोठे साहेब. त्यांच्याकडचा निळा हिरा दैनिकाहून प्रसिद्ध आणि तितकाच बदनाम. जो गळ्यात घालतो तो वर्ष काढत नाही, असं लोक म्हणत. साहेब ते हसण्यावारी नेत. "हिरा घरच्यांच्या गळ्यात आहे तोवर पेपर चालेल," हा त्यांचा हट्ट. स्वतःच्या गळ्यात मात्र कधी नाही हं! आधी त्यांची बायको गेली, मग थोरला मुलगा, मग धाकटा. तिघांचेही हिरा घातलेले फोटो पहिल्या पानावर काळ्या चौकटीत आले, आणि तिन्ही चौकटी वेलांटीबाईंनीच तपासल्या. तेव्हापासून खोलीत एकट्या असल्या की त्या पाठ भिंतीला लावून बसत. कुणी मागे उभं राहून वाचतंय असं त्यांना सारखं वाटे.

धाकट्याची मुलगी आता सात वर्षांची झाली होती. बाप गेल्यापासून ती आईबरोबर कचेरीत यायची, ती थेट बाईंच्या टेबलाशी. "आजी, आज किती चुका पकडल्या?" बाईंना मूलबाळ नव्हतं. या पोरीनं त्यांना पुरतं खिशात घातलं होतं.

वाढदिवसाला साहेबांनी हिरा नातीच्या गळ्यात घातला. फोटो दुसऱ्या दिवशीच्या अंकात जायचा होता. संध्याकाळी पान समोर आलं आणि बाईंचं लाल पेन अडलं. पान लावणाऱ्यानं जुनीच चौकट उचलून नाव तेवढं बदललं होतं. हिऱ्याचा फोटो म्हणजे तीच चौकट, हाताची सवय मेली! नावाआधी 'चि.' हवं, तिथे 'कै.' तसाच राहिला होता.

आणि फोटोत पोर हसत होती. बाईंनी खोडायला पेन टेकवलं. मग वाटलं, आज हे खोडलं की हिरा गळ्यात राहणार, आणि वर्षाच्या आत हेच अक्षर मला बरोबर म्हणून सोडावं लागणार. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पानावर सही केली आणि ते पाठवून दिलं.

सकाळी नुसता हलकल्लोळ. फोन थांबत नव्हते. पोरीची आई, सगळ्यांच्या वहिनीसाहेब, अंक घेऊन बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. ओठ पांढरेफटक.

"बाई, तुमच्या नजरेतून हे सुटलं?"

"सुटलं नाही. सोडलं." बाईंनी लाल पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "मला आजच काढून टाका. पण पोरीच्या गळ्यातलं ते काढा हो! तिघांचं वाचलं मी. हिचं मला नाही वाचवणार."

"काढलाय मघाशीच."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना रडूच कोसळलं. वहिनीसाहेबांनी गळ्याशी घट्ट धरलेली शाल सैल केली. आत काहीतरी निळं लुकलुकलं.

"साहेब ऐकेनात. तिच्या गळ्यात नको तर तुझ्या, म्हणाले. मी घातला."

"अहो, असं काय केलंत!"

वहिनीसाहेबांनी अंकाची घडी घातली.

"आणि तुम्हाला कोण काढतंय, बाई? माझ्यामागे पोरीला तुम्हीच लागणार आहात."