कावळ्याला कबूल केलेल्या उल्का

अप्पा गेले तो मंगळवार होता. त्या दिवसापासून घरातले निर्णय माझ्याकडे आले.

पहिला निर्णय दहाव्या दिवशी तलावाकाठी घ्यावा लागला. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या तारेवर पाच बसले होते, पण एकही खाली उतरायला तयार नाही!

"दादाची काहीतरी इच्छा राहिलीय," निपाणीहून आलेली आत्या म्हणाली. "बोल की रे!"

"आईला सांभाळीन," मी म्हणालो. कावळे ढिम्म.

"तू मला सांभाळणार?" आई म्हणाली. "त्यांनाही पटलं नाही बघ."

"अप्पा, तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही." एका कावळ्याने मान वळवली. (दुसरीकडे.)

तेव्हा आठवलं. जुन्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी जाते आणि उल्का पडतात, हे अप्पांनी आम्हाला जेवताना शेकडो वेळा सांगितलं होतं. त्यांना स्वतःला मात्र एकही दिसली नव्हती.

"पुढच्या महिन्यातल्या उल्का तुमच्या वतीने मी बघीन!" वाक्य संपायच्या आत पाचही कावळे पिंडावर!

शब्द दिला म्हणजे दिला. नोव्हेंबरात उल्कांच्या रात्री आम्ही विमानतळाजवळ, देवनहळ्ळीपलीकडच्या प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटवर तीन खुर्च्या टाकून बसलो. मी शब्द पाळतो का, हे बघायला आत्या पुन्हा आली होती.

"ती बघ, पडली!" ती ओरडली.

"आत्या, ते विमान आहे."

"पडतंय तर खरं!"

"उतरतंय!"

मी मोबाइलचा टॉर्च लावून अप्पांची वही उघडली. 'डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तोवर उजेड अजिबात करू नये.' मला ते पूर्ण पटलं. खात्रीसाठी टॉर्च जवळ धरून पुन्हा वाचलं.

"अगं बाई!" आई ओरडली.

मी वर पाहिलं. डोळ्यांपुढे काळोख. "कुठे?"

"गेली!"

दिशा चुकली असणार, म्हणून मी वहीतला नकाशा काढला.

"अय्यो, केवढी मोठी!" हा लेआउटचा वॉचमन. तो मूळचा अथणीचा, म्हणून मराठी येणारा. "सार, स्वल्प वर बघा की!"

"थांबा हो! कुठे बघायचं तेच वाचतोय!"

आईने थर्मासचं झाकण लावलं. "तीस वर्षं तेही हेच म्हणायचे," ती म्हणाली. "बघायचे मी."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"मी सांगायचे ना. ते वहीत लिहून घ्यायचे. तेवढ्यात पुढची जायची."

मी वही मिटली, टॉर्च बंद केला. त्याच क्षणी ढग आले.

आईला अकरा दिसल्या. आत्याला सात, त्यातली चार विमानं. मला एकही नाही.

आता वही माझ्याकडे आहे. रोज सकाळी एक कावळा स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसतो. मी पडदा ओढून घेतो.