आक्काच्या खुब्यातलं पोलाद

कर्र... ओल्या दोरीला पीळ बसावा तसा तो आवाज. मार्गासनी गावातल्या घरी, भाद्रपदातल्या पिवळ्या उन्हात, आक्का खुर्चीवरून उठली आणि तो तिच्या कमरेखालून आला. मी चमकलो. माझी ही थोरली बहीण हसून म्हणाली, "वरीस झालं वाजतंय. लोखंड हाय, वाजायचंच."

दहा वर्षांपूर्वी तिचा झिजलेला खुबा काढून धातूचा सांधा बसवावा, हा आग्रह माझाच. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा! तेव्हाच्या डॉक्टरांनी तो जन्मभर टिकण्याची आशा दाखवली. मी त्या आशेची ग्वाही करून आक्कापुढे ठेवली. ती भातखाचरांच्या बांधांवरून पुन्हा हिंडू लागली आणि तिच्या प्रत्येक पावलाचं श्रेय मी मनातल्या मनात घेत राहिलो. अस्थी झिजते, मग पोलाद का झिजू नये? हा साधा प्रश्न मला कधीच का पडला नाही?

तिला पुण्याला नेलं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. नव्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गोळा वाटीवर घासून धातूचे बारीक कण सुटलेत. ते रक्तात उतरलेत, भोवतालचं हाडही पोखरलंय. सगळ्यांचं असं होत नाही, यांचं झालंय. सांधा बदलावा लागेल. या वयात जोखीम आहे, पण थांबलो तर हाड आणखी जाईल."

परतीच्या एसटीत माझं चित्त थाऱ्यावर राहीना. पुन्हा मीच हो म्हणायचं? कोणत्या तोंडानं? शिवरे आलं तेव्हा राहवलं नाही. "आक्का, तेव्हा मीच तुला भरीस पाडलं. चुकलं माझं."

ती खिडकीतून वळली. "धा वर्सं माज्या पायानं हिंडले, ती कुनाची चूक रं? तवा तू ठरवलंस. आता म्या ठरवते. बदलायचा."

शस्त्रक्रिया बराच वेळ चालली; इस्पितळाच्या व्हरांड्यात मी किती येरझारा घातल्या, कुणास ठाऊक! नव्या वाटीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर होतं. "हा किती टिकेल?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"पुष्कळ वर्षं, अशी आशा आहे. खात्री देत नाही. दरवर्षी तपासत राहू."

या वेळी त्या शब्दांना मी कसलीही झिलई दिली नाही. होते तसे आक्काला सांगितले.

"आसू दे. खरं सांगितलंस, बरं वाटलं."

ती वॉकर धरून उभी राहिली. माझे हात आपसूक पुढे झाले. तिनं मानेनंच नको म्हटलं, आणि पहिलं पाऊल टाकलं.