एक व्हॉल्व्ह कमी

"काका, एकटं काईच बिघडत नाही. कशाले काय जोडलं हाये, ते पाहा." कोणीही कसलीही तक्रार केली की सर हेच म्हणत आणि बोटानं हवेत रेघा ओढत. अशी बोटानं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, तेही तासांवर. मी अकोल्यात पाणी सोडायचो. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवणं, हे काम. शिक्षण चौथी.

विजेच्या तारा, पाण्याचे पाइप, माणसांच्या ओळखी, यांची जाळी कशी बनते आणि एक जागा बसली की बाकीचं कसं कोसळतं, हा सरांचा अभ्यास. अकोल्याच्या पाण्यावरचा निबंध छापून आला तर नोकरी कायम होईल, अशी त्यांना आशा होती.

पहिल्याच दिवशी ते आमच्या साहेबांसमोर म्हणाले, "काकांच्या डोक्यातलं सगळं पंधरा दिवसांत कागदावर घेतो." साहेब हसले. मले ते झोंबलं. तीस वर्षांचं डोकं, अन् पंधरा दिवस? मी सगळे व्हॉल्व्ह दाखवले, एक सोडून. एका वस्तीत पाणी चढेना म्हणून तो मीच बसवला होता. कोणत्याच नकाशात नव्हता.

पुढं सर दर रविवारी येऊ लागले. उन्हात माझ्यासोबत खड्ड्यात उतरत. माझ्या डब्यातला ठेचा खाऊन नाक पुसत.

"काका, जेवाले देऊन राहिले का शिक्षा?"

"खा गुपचूप. पुस्तकात मिरची नसते."

पण गणित जुळेना. कागदावरचं पाणी एकीकडे जाई, खरं दुसरीकडे. सरांनी सगळं तीनदा मांडलं. निबंध परत आला.

"काका, एखादा व्हॉल्व्ह राह्यला तं नाही?"

"मी काय खोटं बोलून राहिलो?"

सर ओशाळले. "तसं नाही काका. माहंच चुकते कुठंतरी."

तेव्हाच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर खोटा ठरलो असतो, आणि मी जन्मात खोटा ठरलेला माणूस नाही.

कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली. सर यायचे थांबले. निवृत्त झाल्यावर मी एसटीनं अमरावती गाठली, सांगायचंच ठरवून. दार सरांच्या बायकोनं उघडलं. महिन्याआधी सर वर्गात फळ्यासमोर कोसळले, ते उठलेच नाहीत.

"तुमी अकोल्याचे काका ना? शेवटपर्यंत म्हणत, काकांनी तं सगळं दाखवलं, मलेच जुळवता नाही आलं."

त्यांनी चहा आणला. मी बशीत ओतला. निवेपर्यंत बोलू म्हटलं.

चहा निवला. मी तो पिऊन उठलो.