तोंडात टाचण्या असताना

मास्तरांनी एकाच आठवड्यात एकाच मांजराची तीन वेगवेगळी वयं कबूल केली, आणि तिन्ही वेळा त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

दोष टाचण्यांचा. कपडा बेतताना मास्तरांच्या ओठांत नेहमी पाच-सहा टाचण्या धरलेल्या असायच्या. अशा वेळी माणसाला एकच उत्तर देता येतं: "हं." गिऱ्हाइकांना हे माहीत होतं. सदरा उद्या मिळेल का, हं. परवा मिळेल का, तरी हं. शेवटी वैतागून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं उद्यामास्तर. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. नाव पडायलाही कर्तृत्व लागतं, असं ते म्हणत.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. बायको दवाखान्यात नर्स, तिची पाळी आज सकाळची तर उद्या दुपारची. आईचे गुडघे गेलेले. मुलगी तिसरीत. मांजर आणायचं यावर चौघांचं एकमत झालं, हेच त्या घरातलं शेवटचं एकमत.

सोमवारी मुलगी मशीनशी येऊन म्हणाली, "बाबा, अगदी छोटं पिल्लू आणायचं हं, तळहातावर मावणारं."

"हं."

बुधवारी बायको डबा भरता भरता म्हणाली, "अहो, मोठंच बघा. शी-शू कळणारं. मला आणखी एक लंगोट बदलायला लावू नका, दवाखान्यात बदलते तेवढे पुरेत."

"हं."

शुक्रवारी आई भिंतीला धरून आली. "अरे, एखादं म्हातारं बघ. माझ्यासारखं. दोघी बसू उन्हात."

"हं."

तिघींनी आपापला होकार पदरात बांधला आणि आपापल्या परीने मांजरवाल्या बाईंना फोन केला. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. छापखान्यामागच्या दोन खोल्यांत बेवारस मांजरं सांभाळायच्या आणि चांगलं घर बघून द्यायच्या. रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "मास्तर, तुमची तिन्ही बाजूला काढून ठेवलीत. कधी नेताय?"

"तिन्ही?" टाचण्या खाली पडल्या.

मग घरात जे झालं त्याला चर्चा म्हणायचं तर बाजारालाही म्हणावं लागेल.

"तुम्ही हो म्हणालात!" बायको म्हणाली.

"मला पण हो म्हणाला तो," आई म्हणाली.

"पिल्लू दिवसभर कोण बघणार? मी दवाखान्यात, ही शाळेत, तुम्ही काजाबटणात. आणि दोरे? एका दुपारी अख्खं रीळ गिळेल ते."

"माझ्या पायात येईल," आई म्हणाली. "मी पडले की मग घाला मला मांजराशेजारी."

मुलगी मशीनचं चाक हाताने फिरवत उभी होती. मग म्हणाली, "मोठं मांजर आधी दुसऱ्याचं असतं. पिल्लू पहिल्यापासून माझं असेल." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, जसं आपण भाजीत मीठ कमी आहे म्हणतो तसं: "राहू दे. बाबांचं असंच असतं."

मास्तरांना हे वाक्य लागलं. गिऱ्हाइकाने उद्या म्हणून हिणवलं तर तो धंदा. पण पोरीने भांडायचंसुद्धा सोडून दिलं, म्हणजे हिशोबातून आपलं नाव काढलं. त्यांनी ठरवलं, आज काहीही होवो, रिकाम्या हाताने परतायचं नाही. कोणतं मांजर, हे मात्र काही केल्या ठरेना. बायको बोलत असताना बायकोचं खरं वाटे, आई बोलली की आईचं, पोरीकडे पाहिलं की तिचं. शिंप्याच्या डोक्याचीच एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत.

दोघं बाप-लेक पिशवी घेऊन निघाले. गळ्यातली टेप काढायची मास्तर विसरले.

बाईंच्या पुढच्या खोलीत काळी पिल्लं होती, भाऊ-बहीण. मुलगी जमिनीवर बसली आणि एक पिल्लू थेट मास्तरांच्या पँटवर चढलं. मास्तरांचा चेहरा विरघळला. "हेच घेऊ," ते म्हणाले.

तेवढ्यात पिल्लाला पँटच्या घडीत अडकलेला पांढरा दोरा सापडला. बघता बघता वीतभर आत. बाईंनी झडप घालून त्याचा जबडा उघडला आणि अख्खा दोरा अलगद बाहेर घेतला. "दिसला म्हणून बरं. पोटात गेला असता तर डॉक्टरला पोट फाडावं लागलं असतं."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे दोऱ्यांनी भरलेली दुकानाची जमीन आली.

"मास्तर, एक सांगा," बाई म्हणाल्या. "मांजराचं वय राहू दे. घरात दुपारी कोण असतं?"

"मी असतो. म्हणजे असतो, पण नसतो."

"आई?"

"झोपते. बहुतेक."

"बायको?"

"तिची पाळी असते." कोणती, ते आठवेना. अख्ख्या गल्लीच्या कंबरा तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्याच घराचं माप सांगता येईना.

मग बाईंनी म्हातारं मांजर दाखवलं. चौदा वर्षांचं, एका डोळ्याने अधू, रोज सकाळ-संध्याकाळ औषध. "वेळ चुकवून चालणार नाही," त्या म्हणाल्या. वेळेचं नाव निघताच मास्तरांनी नजर फिरवली.

तिसरं खिडकीत होतं. चार वर्षांची करडी मांजरी. तिने दोघांकडे पाहिलं, काही घेण्यासारखं दिसलं नाही, पुन्हा बाहेर पाहू लागली.

"बाबा, कोणतं?"

"असं करू," मास्तर म्हणाले, "उद्या—"

मुलगी उठली आणि चपला घालायला लागली. रडली नाही, हट्ट नाही. नुसत्या चपला.

"थांब," मास्तर म्हणाले. "पिल्लू नाही न्यायचं. मी तुला हो म्हटलं, पण मी ऐकलंच नव्हतं. तोंडात टाचण्या होत्या. आपल्या घरात ते मरेल गं. ही करडी नेऊ. आज. आत्ता."

"ही माझी नाही होणार."

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, "दुसरं काही नको मला. पिंजऱ्यांवर टाकायला चार पडदे शिवून द्या, नवीन मांजरं घाबरतात." मास्तरांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

परतीच्या वाटेवर मुलगी दोन पावलं पुढेच चालली. पिशवी मात्र तिने कुणाला धरू दिली नाही.

करडी दोन दिवस कटिंगच्या टेबलाखाली बसली. मुलगी शाळेतून आली की तिथेच पालथी पडून गृहपाठ करायची, दोघी एकमेकींकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी करडी बाहेर आली, आणि सगळ्यांना डावलून एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या शिवलेल्या कोटावर चढून झोपली. मग उठून तिने एक रीळ खोलीभर पळवलं.

"मोठी म्हणून आणली ना?" बायको म्हणाली.

"आणताना ही शहाणी आहे म्हणाला होतास," आई म्हणाली.

मास्तरांनी रीळ गुंडाळायला घेतलं. आपण बरोबर केलं की चूक, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही. दोरे आता पत्र्याच्या डब्यात जातात. रोज संध्याकाळी मुलगी गुडघ्यांवर रांगत जमिनीवरचा एकेक धागा वेचते आणि वेचता वेचता टेबलाखाली कुणाशी तरी बोलते.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. मास्तर कॉलर बेतत होते. मुलीने फोन त्यांच्या कानाला लावला.

"मास्तर, पडदे झाले का हो?"

"हं," मास्तर म्हणाले.

मुलीने फोन जरा बाजूला धरला आणि दुसरा तळहात त्यांच्या ओठांखाली धरला. "आधी टाचण्या. मग बोला."

मास्तरांनी एकेक करून सहाही टाचण्या तिच्या हातावर ठेवल्या. टेबलाखालून करडी बघत होती.

"बाई," ते म्हणाले, "कापडसुद्धा आणलं नाही अजून."