गव्हावर दळलेली ज्वारी

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे," उल्हासनगरच्या पोटविकाराच्या डॉक्टर म्हणाल्या, "पण मला तो पटत नाही."

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं माल तपासते. पास झालेल्या मालावरही संशय घेणं हे माझं कामच. तरी निगेटिव्ह म्हटल्यावर मी पर्स उचलून उठायला निघाले होते.

"गहू कधी सोडलात?"

"चार महिने झाले."

"मग चाचणीत काय सापडणार? चोर गाव सोडून गेल्यावर घरझडती घेतल्यासारखं आहे हे."

गहू सोडण्याआधी वर्षभर मला जुलाब होत होते, जिना चढताना धाप लागत होती. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. बदलापुरात जिमच्या डाएटवाल्या मॅडमनी चेहरा पाहूनच सांगितलं, "ग्लुटेन बंद करा." ग्लुटेन म्हणजे गहू, मैदा, रवा, जव यांच्यातलं प्रथिन. चेहऱ्यावरून निदान करणाऱ्या बाईवर मी विश्वास कसा ठेवला, याचं मला आजही नवल वाटतं. पण बरं वाटलं खरं, आणि तिथंच मी फसले. हिमोग्लोबिन मात्र हलेना, म्हणून शेवटी या डॉक्टरांकडे आले.

डॉक्टरांनी समजावलं. टीटीजी नावाची रक्तचाचणी असते. सिलिअॅक या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं, त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात दिसतात. गहूच बंद असेल तर खुणा पुसट होतात. कुणाला सिलिअॅक असतो, कुणाला गव्हाची ॲलर्जी, तर कुणाला यातलं काहीच नसतं आणि ते उगाच चपातीला शिव्या देतात. कारखान्यातली माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण त्यातलीच. तिचं पोट दुधानं फुगायचं.

म्हणजे खरं काय ते कळायला मला पुन्हा गहू खायचा होता, तोही काही आठवडे, रोज. ते दिवस मी कळ सोसत काढले. मग रक्त दिलं. टीटीजी बरीच वाढलेली आली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला काढला. सिलिअॅकच निघाला. आता जन्मभर गहू बंद.

मी रडले नाही. निदान पक्कं कळलं, याचंच बरं वाटलं.

शिरगावच्या आमच्या घरात स्वयंपाक सासूबाईंच्या हातात. आम्ही त्यांना आई म्हणतो. त्यांनी माझा तवा, पोळपाट वेगळा केला, ज्वारीच्या भाकऱ्या सुरू केल्या. तोंडानं मात्र म्हणायच्या, "गव्हानं कधी कुणाचं वाईट झालंय का गं? हे नवीनच फ्याड."

सहा महिन्यांनी टीटीजी हवी तेवढी उतरली नव्हती. जुलाब तर होतेच. डॉक्टर म्हणाल्या, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधा."

मला शोधावं लागलंच नाही. संशयित घरातच होता. ज्या बाईला आजार खरा वाटत नाही, ती भाकरी नीट थापता यावी म्हणून मूठभर कणीक मिसळणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कणकेच्या डब्यात पिठावर बोटानं रेघ ओढून ठेवायची आणि संध्याकाळी ती मोडली का बघायची, असा उद्योग मी आठवडाभर केला. बाकीच्यांच्या चपात्या झाल्या की रेघ मोडायचीच, त्यामुळे काहीच सिद्ध होत नव्हतं. तरी माझं बघणं काही सुटेना. नवऱ्याला सांगितलं, तर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

एका रविवारी आईंचा गुडघा दुखत होता, म्हणून डबा धरायला मी गिरणीत गेले.

गिरणीवाल्यानं आईंना पाहून स्वतःहून सांगितलं, "मावशी, बसा जरा. गहू चाललाय. तुमची ज्वारी लगेच त्याच्यावर टाकतो."

"त्याच्यावर म्हणजे?" मी विचारलं.

आई कौतुकानं म्हणाल्या, "अगं, बाजरीवर टाकली की भाकरी काळी येते. मी ह्याला पहिल्यापासून सांगून ठेवलंय, माझ्या सुनेची ज्वारी गव्हावरच दळायची. पांढरीशुभ्र येते. तासभर थांबावं लागलं तरी थांबते मी."

जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ दर खेपेला माझ्या डब्यात येत होतं.

मी तिथंच सांगितलं. आई डबा उराशी धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे मीच घालत होते तुला?" मग मलाही राहवेना. रेघेचं सगळं बोलून गेले. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "विचारायचंस ना गं तोंडानं."

आम्ही घरघंटी आणली. तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. पुढच्या तपासणीत टीटीजी उतरली, जुलाब थांबले, हिमोग्लोबिन चढू लागलं.

तुमचंही पोट बिघडत असेल तर गहू सोडण्याआधी रक्त तपासा. निदान झालं, तर पीठ कशावर दळलंय हे विचारा. आणि घरच्यांवर संशय आला, तर त्यांच्याशी आधी बोला.

परवा चिखलोलीला भाचीचं लग्न होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली, तर आई ताट न घेताच थेट आचाऱ्याकडे गेल्या. "आमटीत हिंग कुठला घातलास? डबा दाखव. त्यात गव्हाचं पीठ असतं." तो हसला. आई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, मग माझ्याकडे वळून जोरात म्हणाल्या, "आमटी घेऊ नकोस गं. नुसता भात घे, मी घरून चटणी आणलीय."