आईने पाहुण्याला कॉटवर बसवलं आणि क्लेम गेला

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मागच्या महिन्यात आईला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स इतक्या घसरल्या की डॉक्टरांनी घरी सोडायला साफ नकार दिला. तेव्हा विमा कंपनीचा एक माणूस चौकशीला वॉर्डात आला होता.

आमची आई मखमलाबादला भाजी पिकवणारी बाई. आलेला माणूस उभा आणि आपण आडवं, हे तिला जमतच नाही. सलाइनचा स्टँड धरून ती उठली, कॉटवरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "बसा ना दादा." मला चहा आणायला पिटाळलं. त्याने तब्येत विचारली तर म्हणे, "लय बरं हाय आता." पाहुण्यासमोर रडगाणं कोण गातं?

आज मेल आला, क्लेम नामंजूर. कारण काय, तर आमच्या प्रतिनिधीच्या भेटीत पेशंट चालत-फिरत होती, बरं असल्याचं स्वतः सांगत होती, सबब अ‍ॅडमिट करायची गरज नव्हती.

आणि रक्ताचे रिपोर्ट? ते कुणी उघडले तरी का? हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. आता काय, आजारी माणसाला कण्हायची प्रॅक्टिस द्यायची?

संध्याकाळी आईला एवढंच सांगितलं, की क्लेम नाकारला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्या दादालाच फोन लाव ना. त्यानं माझ्या हाताची सुई बघितली हाय. आपला चहा पिलाय त्यानं, खोटं नाय बोलायचा."

त्याच दादाने काय लिहून दिलंय, ते मी तिला सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?