पोटात ठेवलेली कवटी

न्यूरो आयसीयूत किस्से कसे साचतात ते आम्हा सिस्टर लोकांना विचारा. नातेवाइकांचा जीव बाहेर टांगणीला, आमचा आत! मग चहाच्या वेळी कुणीतरी काहीतरी सांगतं आणि आम्ही हसतो. नाहीतर वेड लागेल हो! नव्वदच्या दशकात मी आखातात, फुजैराला होते, तेव्हाचे हे किस्से. सगळे एकाच पेशंटचे.

* * *

देसाई पोर्टवरच्या टर्मिनलमध्ये इंजिनियर. शिडीवरून पडले, डोक्याला जबर मार. मेंदू सुजला म्हणून आमच्या इजिप्शियन डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढला आणि देसाईंच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. सूज उतरली की परत बसवायचा, तेव्हा पद्धतच होती तशी.

पेशंट बेशुद्ध. अंग पुसताना देसाईवहिनींना पोटावरचा उंचवटा दिसला. "सिस्टर, गाठ!"

मी समजावलं. मग त्या नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या, "घरात एक वस्तू जागेवर ठेवत नाही हा माणूस! आता कवटीसुद्धा?" आणि ढसाढसा रडल्या.

* * *

डॉक्टर प्रत्येक वाक्याला इन्शाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं लावायचे. वहिनींनी त्याचे दोन प्रकार पाडले. हसून म्हटलं तर बरं चाललंय. खाली बघून म्हटलं तर देव पाण्यात ठेवा!

पुढे डोक्यात पाणी साठलं, हाड नसलेली जागा टम्म फुगली. ते पाणी काढायला तातडीने नळी घालायला नेलं. त्या दिवशी इन्शाल्ला आलाच नाही. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसल्या.

* * *

नळी लागू पडली. देसाई डोळे उघडू लागले, हात हलवू लागले. बोलणं मात्र नाही. त्यात खुर्चीत बसवलं की हात लुळा, नजर शून्य. आडवं केलं की हात पुन्हा हलतोय!

फिजिओ वैतागला. "सिस्टर, ये नाटक करता है!"

"तुझी अर्धी कवटी काढून बसवते, मग तू कर नाटक!" माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरांनी पाहिलं. बसल्यावर हाड नसलेल्या जागी डोक्याची कातडी आत ओढली जात होती, मेंदू दबत होता. "खलास, आता बास! हाड परत बसवू. यल्ला, चला!"

जंतू शिरले तर हाडही जाणार, कदाचित माणूसही.

"बोलतील का हो?" वहिनींनी विचारलं.

खाली बघून इन्शाल्ला.

* * *

ऑपरेशननंतर खुर्चीत बसवायचा दिवस. फिजिओने खुर्ची पुढे ओढली. वहिनी ओढणीचं टोक चावत उभ्या.

देसाईंना बसवलं. हात पडला नाही. तो हळूहळू पोटाकडे गेला, सपाट झालेली जागा चाचपली. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि शिडीवरून पडल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले.

"ठेवलं बघ जागेवर. आता तरी ओरडू नकोस!"